कोरडी बाजू

मिस्त्री : नाही गळत. तुम्ही बापलेक मघापासून गळते, गळते म्हणताय, पण नाही गळत. इंजिन पुसून कोरडं केलं, वर खडूची पूड फासली, चांगली तापेपर्यंत चालवली. बघा ना वाकून. पूड जशीच्या तशी पांढरी आहे.

फिरकी : मग माझ्या भिंतीवर तेल कोण सांडून जातं, मिस्त्रीकाका? रोज फळ्या घासते मी. रॉकेलने हातांची सालं निघालीत, हे बघा.

अप्पा : गळते म्हणजे गळते. आमची विहीर, आमची गाडी. आम्हाला नाही कळणार?

मिस्त्री : तसं नाही अप्पा. मी आपला दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या गाड्या करणारा माणूस. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’च्या लाकडी विहिरीत भिंतीवर फिरणारी गाडी पहिल्यांदाच हाताखाली आलीय. पोरी, थेंब नेमके कुठे पडतात? खाली उतारावर, की उभ्या भिंतीवर?

फिरकी : उभ्या भिंतीवर. वर काठाशी लाल पट्टा आहे ना, त्याच्या खाली. गोल रेघ ओढल्यासारखे सगळीकडून.

मिस्त्री : म्हणजे गाडी आडवी झाल्यावर.

फिरकी : तिथे आडवीच असते की हो! भिंतीवर उभी कशी करू तिला? खिळा ठोकून?

मिस्त्री : आणि मी शहाणा तिला स्टँडवर सरळ उभी करून थेंबाची वाट बघत बसलोय. हसू नकोस. कुठली बाजू जमिनीकडे असते?

अप्पा : डावी. आमच्यात फिरायची दिशा एकच. डावा खांदा खाली, उजवा वर. माझ्या बापापासून तेच.

मिस्त्री : म्हणजे क्लचची बाजू खाली आणि मॅग्नेटोची, ठिणगी पाडणारी बाजू आभाळाकडे. ते गोणपाट आणा इकडे. पेट्रोलचा नळ बंद कर पोरी. हं, अप्पा, तुम्ही हँडल धरा. हळू. निजवायची आहे तिला, आपटायची नाही.

अप्पा : गुडघा वाकत नाही माझा.

फिरकी : सोडा, मी धरते. झाली आडवी. आता?

मिस्त्री : आता गप्प बसायचं आणि बघायचं. ... आलं. दिसलं? गिअरच्या दांड्याच्या मुळाशी. पूड काळी व्हायला लागली.

फिरकी : सापडला चोर!

मिस्त्री : एक सापडला. मला सांग, गिअरबॉक्समध्ये तेल किती घालावं लागतं?

फिरकी : अहो, पितेच ती. झाकण उघडावं तर आत खडखडाट.

मिस्त्री : मग हिशोब जुळत नाही. एवढ्याशा थेंबांनी एवढं तेल जात नसतं. उरलेलं जातं कुठे?

अप्पा : धुरात जातं. टू-स्ट्रोक आहे, धूर सोडणारच. पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच चालते ती. त्यात काय नवल?

मिस्त्री : त्या तेलाचा धूर मला पाठ आहे अप्पा, तो निळसर असतो आणि त्याला गोडूस वास येतो. मघाशी गाडी चालू होती तेव्हा तुम्ही धूर हुंगलात का? करपलेला, डोळ्यांत जाणारा. ते गिअरचं तेल जळतंय. पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँकच्या दांड्याला दोन टोकांना दोन रबरी सील असतात. डावीकडचं सील गेलंय. इंजिन शेजारच्या गिअरबॉक्समधून तेल ओढून पितंय. बाहेर गळतंय ते थोडं, आत गळतंय ते जास्त.

फिरकी : मग बदला ना. आजच. सहाचा खेळ माझा आहे.

मिस्त्री : बदलतो. डावी बाजू उघडली की तिकडची दोन्ही रबरं होतील, गिअरच्या दांड्याचं आणि क्रँकचं. पण सील जोडीने बदलतात पोरी. क्रँकचं उजवीकडचंही काढू. हे मॅग्नेटोचं झाकण... स्क्रूंवर हे लाल काय फासलंय?

फिरकी : माझं नेलपेंट. दादाने लावलंय. हादऱ्याने स्क्रू सुटू नयेत म्हणून. नवीकोरी बाटली संपवली मेल्याने.

अप्पा : उजवीकडे हात लावायचा नाही.

मिस्त्री : का हो?

अप्पा : नाही लावायचा. डावी बाजू गळते, डावी नीट करा. जी बाजू कोरडी आहे ती कशाला उघडायची?

मिस्त्री : सील रबराचं असतं अप्पा. कोरडं दिसलं म्हणजे धड आहे असं नसतं.

अप्पा : मिस्त्री, तुम्हाला कामाला बोलावलंय. तेवढं करा.

फिरकी : काका, तुम्ही डावीकडचं घ्या आधी. अप्पा, तुम्ही जरा बाहेर जाऊन भोंगा बघा, सकाळपासून घरघरतोय. जा ना. ... गेले. काका, त्या झाकणाच्या आत दादाने ठिणगी लावलेली आहे. ठिणगी कधी पडावी ते त्याने कानाने जुळवलं होतं, कुठलंही मोजमाप न घेता. मग त्याचं नि अप्पांचं वाजलं. दादाला ह्या जुन्या गाड्या विकून नव्या घ्यायच्या होत्या. अप्पांनी सगळ्या माणसांसमोर त्याच्या कानाखाली काढली. तो हिची जोडीची गाडी घेऊन निघून गेला. दुसऱ्याच्या विहिरीत चालवतो आता. अप्पा त्याला चोर म्हणतात. तोंडाने चोर म्हणतात आणि हे झाकण कुणाला उघडू देत नाहीत.

मिस्त्री : अस्सं. तो चौदाचा पाना दे.

फिरकी : हा?

मिस्त्री : हा. मी ठिणगीची जागा खुणेने धरून ठेवतो की. ओरखडा ओढायचा, काढायचं, पुन्हा त्याच खुणेवर बसवायचं. केसभर हलणार नाही.

फिरकी : ते त्यांना सांगून बघा. मी थकले सांगून. तुम्हाला खरं सांगू? मला त्या झाकणाकडे बघितलं की संताप येतो. मी रोज जीव हातात घेऊन फिरते, माझ्याकडे कधी असं जपून बघितलं नाही त्यांनी.

मिस्त्री : बापाचं असंच असतं. जवळ असतं ते दिसत नाही. बोट काढ तिथून, चिमटेल. ... हे बघ डावीकडचं जुनं सील. दांड्याला चिकटणारा हा ओठ झिजून वाळक्या चामड्यासारखा झालाय. दुसरं त्याहून वाईट. टाक त्या डब्यात.

फिरकी : आणि नवं असं दाबून बसवायचं?

मिस्त्री : ओठाला तेल लावून, सरळ, चारी बाजूंनी सारखं. वाकडं गेलं की मेलं. हं. बसलं. झाकण दे. आणि तुझ्या वडिलांना हाक मार, त्यांना आवडेल असं काहीतरी ऐकवतो.

अप्पा : आलोय मी. मार किक.

फिरकी : मारते. ... अप्पा! धूर बघा!

अप्पा : कुठे आहे धूर?

फिरकी : तेच तर! नाहीच! मागे भिंत दिसतेय स्वच्छ.

अप्पा : वा मिस्त्री. आणि आवाज ऐका. म्हातारी खोकायची थांबली. अशी वाजायची ही सुरुवातीला. अगदी अशीच. घ्या, हातावर टाळी घ्या.

मिस्त्री : थांबा जरा. पोरी, रेस सोड.

फिरकी : हो.

मिस्त्री : सोड म्हणतोय.

फिरकी : सोडलीय.

मिस्त्री : अगं सोड ना!

फिरकी : काका, माझे दोन्ही हात वर आहेत! हे बघा!

मिस्त्री : ... मग उतरत का नाही ती?

अप्पा : तार अडकली असेल.

मिस्त्री : तार मोकळी आहे, हे बघा माझ्या बोटात. आपली आपणच पळतेय. चोक ओढ. ओढ लवकर.

फिरकी : उतरली. झाली शांत.

मिस्त्री : बंद कर. बंद कर म्हणतो ना.

अप्पा : काय झालं एवढं? चांगली चालली होती की!

मिस्त्री : चांगलीच चालली होती. म्हणूनच बंद करायला लावली. चोक ओढला की पेट्रोल वाढतं, आणि पेट्रोल वाढल्यावर शहाण्यासारखी वागली. म्हणजे आत हवा जास्त जातेय. कार्बुरेटरचे बोल्ट मी आवळलेत, डावं सील नवं आहे. एकच वाट उरते. तुमची कोरडी बाजू.

फिरकी : पण इतके दिवस तर असं कधी झालं नाही.

मिस्त्री : इतके दिवस डावीकडून गिअरचं तेल आत येत होतं. घाण होतं, धूर करत होतं, पण पिस्टनला ओलं ठेवत होतं. एका बाजूने हवा, दुसऱ्या बाजूने तेल, कसंबसं भागत होतं. ते तेल आज मी बंद केलं. माझ्या ह्या हातांनी.

अप्पा : म्हणजे तुम्ही बिघडवलीत.

मिस्त्री : अर्धं काम केलं म्हणजे बिघडवलंच. पुरं करू द्या.

फिरकी : काका, असं चालवलं तर काय होईल? सरळ सांगा.

मिस्त्री : आधी ती कधी पळाली नसेल अशी पळेल. हलकी वाटेल, आवाज गोड होईल, तुला वाटेल आज काय रंगात आहे. मग पिस्टन तापून फुगेल आणि सिलेंडरला चिकटेल. मागचं चाक जागच्या जागी धरलं जाईल.

फिरकी : आणि मी लाल पट्ट्यावर.

मिस्त्री : हो.

फिरकी : ऐकलंत अप्पा?

अप्पा : ऐकलं. मिस्त्री लोकांना भीती घालायची सवयच असते. एक उघडलं की दुसरं, दुसरं उघडलं की तिसरं.

फिरकी : मी चढणार नाही आज. झाकण उघडल्याशिवाय नाही चढणार.

अप्पा : बाहेर माणसं जमायला लागलीत.

फिरकी : जमू दे. तुम्हाला माझी काही पडलीच नाहीये का? दादाने चार स्क्रू आवळले, त्यांची पूजा मांडलीय तुम्ही! तो यायचा नाही अप्पा. तुम्ही ते झाकण कवटाळून बसलात म्हणून तो काही यायचा नाही!

अप्पा : येईल.

फिरकी : कसा येईल? तुम्ही बोलावलंय?

अप्पा : ठिणगी कधीतरी बिघडेलच. मग त्याच्याशिवाय कुणाला लावता येणार नाही. तेव्हा बोलवीन. गाडी अडलीय, ये म्हणेन. बापाने उगाच कसं बोलवायचं? काहीतरी कारण नको?

फिरकी : म्हणून जपत होतात ते झाकण?

अप्पा : ह्यांनी आज खुणा करून काढली आणि बसवली, तर मग काय उरलं? मग कुणीही लावेल ठिणगी. त्याला कशाला बोलवायचं?

मिस्त्री : अप्पा, मुलगा आहे तुमचा. त्याला कारण लागत नाही.

अप्पा : तुम्हाला नाही कळायचं. सरका. चावी दे पोरी.

फिरकी : कशाला?

अप्पा : तू चढत नाहीस ना? मी चढतो. रिकाम्या विहिरीत, खेळाआधी. मला ऐकायचंय तिचं काय म्हणणं आहे ते. माझ्याशी खोटं नाही बोलायची ती.

फिरकी : तुमचा गुडघा! तुम्ही किती वर्षांत भिंत चढला नाहीत अप्पा! काका, सांगा ना ह्यांना!

मिस्त्री : अप्पा, हात जोडतो तुम्हाला. ही परीक्षा बघायची वेळ नाही.

अप्पा : गुडघ्याने नाही चढत भिंत. मिस्त्री, पोरीला आत येऊ देऊ नका. दार लावून घ्या.

(विहिरीच्या बाहेर, फळ्यांना टेकून दोघे. आत इंजिनाचा आवाज.)

फिरकी : उतारावर आहेत अजून. तापवतायत. एकदम चढत नाहीत ते, कधीच नाही. चढले. आता भिंतीवर आहेत.

मिस्त्री : दिसत तर काही नाही. तुला कसं कळलं?

फिरकी : पाठ फळीला लावा. अशी. दर फेरीला फळी आत-बाहेर होते, कळतं? गेले. आले. गेले. आले.

मिस्त्री : कळतंय. क्लचवर बोटं ठेवतात का ते? इंजिन जाम झालं तर तोच चाक सोडवेल.

फिरकी : मला शिकवलंय ठेवायला. स्वतः ठेवतात की नाही, देवाला ठाऊक. अजून वर चढले. इतका वेग? काका, ते इतक्या वेगात कधी फिरवत नाहीत.

मिस्त्री : ते नाही फिरवत. ती फिरतेय.

फिरकी : अप्पा! अप्पा, उतरा! रेस सोडा!

मिस्त्री : सोडली असेल त्यांनी केव्हाच. ओरडू नकोस, आत नाही ऐकू जायचं. आवाज बघ कसा झालाय. टाचणीसारखा.

फिरकी : दार उघडते मी.

मिस्त्री : अजिबात नाही! ते वर असताना दार उघडलंस तर उतरतील कुठे? इथे थांब. माझा हात धर. अप्पा, क्लच! क्लच धरा!

फिरकी : हा कसला आवाज? टायर? काका, टायर ओढला गेला!

मिस्त्री : चाक धरलं तिने.

फिरकी : इंजिन बंद पडलं. काका, इंजिनाचा आवाज नाही. अप्पा! अप्पा, बोला काहीतरी!

मिस्त्री : शू. फळी हलतेय अजून. गेले. आले. चाक मोकळं झालंय पोरी. क्लच धरलाय त्यांनी. नुसत्या वेगावर फिरतायत.

फिरकी : गेले... आले... हळू होतायत. उतारावर या, अप्पा, उतारावर या. आले. आले खाली! उघडा दार!

मिस्त्री : सावकाश. त्यांना धर आधी, गाडी मी धरतो.

अप्पा : सोड. उभा आहे मी. पाणी दे.

फिरकी : रडवलंत मला. तुमच्यासारखा हट्टी माणूस नाही बघितला मी जन्मात. लागलं कुठे?

अप्पा : नाही. बोटं आपोआप गेली क्लचवर. मी नाही नेली. मिस्त्री, फार सुंदर चालली होती हो. मला वाटलं, मी पंचविशीत आहे.

मिस्त्री : बसा इथे. पोरी, किक दाबून बघ.

फिरकी : दाबते. ... जात नाही खाली. उभी राहिले किकवर, तरी जात नाही. दगड झालाय नुसता.

मिस्त्री : अप्पा, आता विचारत नाही मी. उघडतो.

अप्पा : मी काढतो स्क्रू. द्या स्क्रूड्रायव्हर.

फिरकी : बसा ना तुम्ही, मी काढते.

अप्पा : मीच काढणार. ... घट्ट आवळलेत पोराने. हा दुसरा. घ्या झाकण.

मिस्त्री : बघा आत. बाहेरून कोरडी, आतून सगळी काळी ओली. सीलमधून उडालेलं आहे हे. आता हे मॅग्नेटोचं चाक ओढून काढतो. इंजिन जाम झालंय, त्यामुळे धरायचीही गरज नाही. हं, निघालं. उजेड दाखव इकडे. ... हे काय आहे?

फिरकी : काय झालं?

मिस्त्री : सील उलटं बसवलंय. ओठ बाहेर आहे.

अप्पा : उलटं कसं? ओठ बाहेरच असतो.

मिस्त्री : मॅग्नेटोच्या बाजूला? नाही अप्पा. ओठ आत, क्रँककडे.

अप्पा : ते साध्या गाड्यांना. विहिरीत फळ्यांचा भुसा उडतो, धूळ उडते. ती आत जाऊ नये म्हणून ओठ बाहेर ठेवायचा. माझ्या बापाने मला तसं शिकवलं, मी पोराला. आमच्यात सगळे तसंच बसवतात.

मिस्त्री : अप्पा, हे रबर धूळ अडवायला नसतंच हो. धुळीला झाकण आहे. हे इंजिनाचा दाब धरायला असतं. ओठ आत असला की दाब त्यालाच दांड्यावर आवळून धरतो. बाहेर असला की प्रत्येक फेऱ्याला दाब त्याला उचकटतो. नवं असताना सोसतं. मग हे असं होतं. ओठ पलटलाय, आतली बारीक स्प्रिंग निघून पडलीय. ह्या भोकातून हवा जात होती.

अप्पा : म्हणजे पोराचं चुकलं नाही.

मिस्त्री : पोराने तुम्ही सांगितलं तसं केलं. फार सफाईने केलंय. पण चुकीचंच आहे ते.

अप्पा : हं.

मिस्त्री : जोडीची दुसरी गाडी आहे, पोरगी म्हणाली. ती कुणी बांधली?

अप्पा : त्यानेच. दोन्ही एकाच आठवड्यात. मी समोर बसून होतो. एक सील त्याने सरळ धरलं होतं, मीच त्याच्या हातातून घेऊन फिरवलं.

मिस्त्री : पोरी, तुझं तोंड असं का उतरलं?

फिरकी : दादाचा फोन येतो मला. अप्पा, तुमच्या चोरून. परवा आला होता. म्हणाला, फिरके, माझ्याही गाडीला गळती लागली होती, इथल्या मिस्त्रीने डावीकडची रबरं बदलली, धूर एकदम गेला. तूही करून घे. म्हणून तर मी काकांना बोलावलं.

मिस्त्री : उजवीकडचं?

फिरकी : उजवीकडचं काही बोलला नाही. म्हणाला, गाडी नुसती उडतेय. म्हणाला, अप्पांना सांगू नकोस, पण आता मला नवी गाडी नको, ह्या जुनीत जीव आलाय.

अप्पा : आज खेळ आहे त्याचा?

फिरकी : सुट्टीचा दिवस आहे. तिकडे दुपारपासूनच चालू असतात.

अप्पा : लाव. फोन लाव त्याला. तुझ्यावरून लाव, माझा उचलणार नाही.

फिरकी : लावतेच आहे. बोटं चालत नाहीत माझी. ... वाजतोय.

मिस्त्री : स्पीकरवर टाक.

फिरकी : नको, तिकडच्या गलक्यात काही ऐकू यायचं नाही. ... वाजतोय अजून. दादा, उचल ना. उचल ना रे. ... हॅलो? दादा? ... कोण? ... दादा कुठेय? ... अप्पा, तिकीट देणाऱ्या माणसाने उचललाय. फोन त्याच्याकडे ठेवून गेलाय.

अप्पा : कुठे गेलाय?

फिरकी : वर आहे म्हणतो. भिंतीवर. आत्ताच चढला.

मिस्त्री : त्याला म्हणावं उतरव. काहीही करून उतरव.

फिरकी : अहो, ऐका, त्याला खाली घ्या. लगेच. गाडीत बिघाड आहे. ... नाही हो, चेष्टा नाही करत मी! ... अप्पा, तो हसतोय. म्हणतो, गाडी तर झकास पळतेय, लोक टाळ्या वाजवतायत, खेळ संपला की निरोप देतो.

अप्पा : खेळ संपेपर्यंत नाही थांबायचं म्हणावं.

फिरकी : सांगतेय मी! ऐकत नाही तो. विचारतोय, तुम्ही कोण, तुमचा काय संबंध?

अप्पा : दे इकडे. ... हॅलो. मी त्याचा बाप बोलतोय. पळत वर जा आणि फळ्या बडवा, त्याला कळेल. जा लवकर. आणि फोन बंद करू नका. असाच हातात धरा, त्या आवाजाकडे करून. मला ऐकू दे.